रिकामा रकाना

“मावशी, फोन लावा की! एवढ्याशा कामासाठी उन्हात कशाला जाता?” वर्गातल्या मुलांनी पुन्हा चिडवलं.

“फोनवर बोलायला नाही जमत मला,” असं म्हणून मावशी छत्री घेऊन निघाल्या.

पत्रकारितेतलं संशोधन शिकवणाऱ्या त्या वर्गात साठी ओलांडलेल्या त्या एकट्याच. शिकवणारे सर निवृत्त बातमीदार, जिभेला धार. “उचलली जीभ लावली टाळ्याला, याला बातमी म्हणत नाहीत,” हे त्यांचं पालुपद. त्यांच्या तपासपत्रकात एक जरी रकाना रिकामा राहिला तरी पत्रक परत.

प्रत्येकाने एक जुनी बातमी निवडून ती खरी की खोटी ते शोधायचं होतं. मावशींनी तीस वर्षांपूर्वीची निवडली. बस पुलावरून कोसळली, चालक रुग्णालयात वारला. ‘चालक दारूच्या नशेत होता, असे रुग्णालयातील विश्वसनीय सूत्रांनी सांगितले.’ त्याची मुलगी पुढे ‘दारुड्याची पोर’ म्हणूनच वाढली. मावशी तिला भेटून आल्या आणि दोन दिवस धड जेवल्या नाहीत.

मग त्यांनी त्या बातमीचा पिच्छाच पुरवला. रुग्णालयाच्या जुन्या दफ्तरात हात स्वच्छ धुऊन बसायच्या. डॉक्टरांची गिचमीड त्यांनी सरसर वाचली तेव्हा तिथला कारकून बघतच राहिला. रक्ताचा अहवाल चौथ्या दिवशी आला होता. दारूचा अंशही नव्हता. तो कुणी छापलाच नाही. आधीच्या पाळीत जखमा धुताना स्पिरिटची बाटली चालकाच्या कपड्यांवर सांडल्याची नोंदही सापडली. पुढच्या पाळीला वास आला तो त्याचाच.

सरांनी पत्रक दोनदा वाचलं.

“हा ड्रायव्हर तुमचा कोण, मावशी?”

“कोणी नाही.”

सरांनी चष्मा काढला. “ही बातमी माझी होती.”

“माहीत आहे. म्हणून तर तुमच्याच वर्गात आले.”

 सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. “एका बाईचा फोन आला होता. नाव सांगितलं नाही. मी दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. त्या पोरीच्या आयुष्याची माती केली मी.”

“दुरुस्ती छापून येईल?”

“मी संपादकांना भेटतो. पण ते विचारणार, तेव्हा सांगितलं कोणी? तिथेच घोडं अडेल.” त्यांनी पत्रकाच्या तळाशी बोट ठेवलं. “हा रकाना तुम्हीही रिकामाच सोडलाय. खरं तर पत्रक परत द्यायला हवं. जाऊ दे, इतक्या वर्षांनी ती बाई कुठे सापडणार?”

“नियम म्हणजे नियम, सर.”

मावशींनी पत्रक पुढ्यात ओढलं आणि ‘मूळ सूत्र’ या शब्दांपुढे सुवाच्य अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं.