जाड पायांचं अक्षर

हेप्झिबाबाईंच्या नवऱ्याने छपाईसाठी घडवलेल्या जाड पायांच्या अक्षराचा तीन वर्षांचा हक्क संपला आणि लंडनभर नकलांचं पीक आलं. छपाईचे खिळे ओतणारे शेजारचे म्हातारे कारखानदार प्लम्टन यांनी तर "आमचंच अक्षर" अशी जाहिरातही ठोकली. आज तेच बाईंच्या दारात टोपी काढून उभे होते.

"बाई, आमच्या खिळ्यांचे पाय छापताना तुटतात हो. तुमचे कसे टिकतात?"

बाईंनी त्यांनी पुढे केलेला खिळा डोळ्यांजवळ धरला. चोराने पाय उचलले होते, पण पायाला अक्षराच्या दांड्याशी जोडणारी गोलाई, म्हणजे घोटेच विसरला होता.

"अक्षर तुमचंच ना? मग मला कशाला विचारता?"

"बरं, तुमच्या यजमानांचं," प्लम्टन पुटपुटले.

"मग त्यांनाच विचारा की! चर्चमागच्या कबरीत निजलेत. तुमच्या वयाला तर ती अगदीच जवळ आहे."