हलकं काम

टीम लीडर फळ्यावर एकेकाच्या नावाखाली चिठ्ठ्या चिकटवत होता. लाल म्हणजे किचकट काम, पिवळी म्हणजे सोपं. टीममधली एकजण बाळंतपणाच्या रजेवरून परतली, तेव्हापासून तिच्या वाट्याला पिवळ्याच यायच्या. आजही ॲपमधल्या बटणाचा रंग बदलायचं काम तिच्याच गळ्यात. टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता. बंद पडणारं ॲप दुरुस्त करायची लाल चिठ्ठी सगळ्यांनी इतक्यांदा एकमेकांकडे ढकलली होती, की डिंकच गेला होता. लावताच ती खाली पडली. हिने झडप घालून उचलली. "ही मी घेते." "अगं, कशाला जिवाला घोर?" लीडर कळवळला. "तुझं बाळ लहान आहे." "आणि तुझं काय कॉलेजात जातं? एकाच आठवड्यात जन्मलेली दोघं!" सगळ्यांनी स्क्रीनमध्ये डोकी खुपसली. घुटमळत लीडरने तिची पिवळी चिठ्ठी स्वतःच्या नावाखाली लावली आणि घरी फोन केला, "आज बाळाला मी झोपवतो."