उशाशी गरम पाणी

"कोण आहे ती?" बायकोने फोन नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

तो कामावरून येऊन नुकता खुर्चीत टेकला होता. बूटसुद्धा पायातच होते. "कोण ती?"

"मला काय दूधखुळी समजलात?"

झालं होतं असं. नवरा कारखान्यांत यंत्रं बसवायचं काम करायचा. परगावच्या एका कागद कारखान्यासाठी तो चांगला तीन महिने एका मध्यम हॉटेलात राहून आला होता. बायकोची धाकटी बहीण लोकांना खोल्या बुक करून द्यायची. त्या हॉटेलाविषयी लोकांनी काय लिहिलंय ते बघताना तिला चक्क भावोजींचा फोटो दिसला आणि शेजारी पाच तारे. तिने ते तडक ताईला धाडलं.

ताईच्या पायाखालची जमीन सरकली. कारण कौतुकाच्या बाबतीत हा माणूस पक्का चिक्कू. जेवण कितीही जमून आलेलं असो, ताटावरून उठताना "चालेल" एवढाच निकाल. आणि हॉटेलावर मात्र परिच्छेदच्या परिच्छेद!

ती वाचू लागली.

"'अंघोळीला जायच्या आधी टॉवेल दारावर येतो. शर्टाचं तुटलेलं बटण न सांगता लावलेलं सापडतं. भाजीत मीठ कमी असलं, तर तोंड उघडायच्या आत मिठाची बशी पुढे येते. यायला उशीर झाला तर जिन्यातला दिवा चालू असतो. रात्री खोकला लागला, तर उशाशी गरम पाणी.'"

ती थांबली. "उशाशी, अहो! रात्री तुमच्या खोलीत येतं कोण?"

"अगं, कोणी नाही."

"मग पाणी काय चालत आलं?"

नवरा खाली बघत बुटाची नाडी सोडू लागला. आतल्या खोलीच्या दारात तिची भरलेली बॅग त्याला तेव्हा दिसली.

"बहिणीला सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "खरं बोललात तर बसून बोलू. खोटं बोललात तर ही मी निघाले."

"हॉटेलात फोन लाव," तो म्हणाला. "तूच विचार."

तिला वाटलं होतं, तो टाळाटाळ करेल. त्याने स्वतःच फोन लाव म्हटलं, म्हणून ती आणखीच घाबरली. तरी तिने नंबर लावला. तिकडून मॅनेजर बोलला.

"तुमच्याकडे रात्री खोलीत गरम पाणी कोण आणून देतं?" तिने दरडावून विचारलं.

"कोणी नाही हो, मॅडम," मॅनेजर गयावया करू लागला. "गरम पाणी नळालाच येत नाही, तर उशाशी कुठलं? दुरुस्ती चालू आहे. पण कृपा करून तसं लिहू नका हां! लोक आधीच वाट्टेल ते लिहितात. सगळ्यांत एकच देवमाणूस भेटला बघा, कारखान्यातला. त्याने तेवढं चांगलं लिहिलं."

तिने फोन ठेवला. आता मात्र तिला काहीच उमगेना.

"हॉटेल भिकार होतं," नवरा बुटाकडे बघतच म्हणाला. "निघताना मॅनेजर डोक्यावर उभा राहिला. म्हणाला, दोन शब्द चांगले लिहा, नाहीतर मालक मला काढेल. पोराबाळांचा माणूस. नाही कसं म्हणणार? पण चांगलं लिहायला तिथे होतं काय? डोकं खाजवलं. मग घरचं लिहिलं."

तिने फोन पुन्हा उघडला. टॉवेल. बटण. मिठाची बशी. एकेक वाचताना तिचे डोळे भरून आले. मग ती अशी काही भडकली की विचारू नका.

"म्हणजे हे सगळं दिसत होतं तुम्हाला! इतकी वर्षं! मग एकदा, एकदा तरी तोंडातून शब्द का नाही काढलात?"

"सुचलंच नाही गं. तो डोक्यावर उभा होता म्हणून सुचलं. घरी असं कोण उभं राहतं?"

तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि त्याच्या खुर्चीला खेटून उभी राहिली.

"ही मी उभी आहे. बोला."