हॉर्नचा फ्यूज

बाभुळगावात नागोराव वारल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाची बुद्धवंदना सुरू होती. तेवढ्यात अंगणातली त्यांची जुनी गाडी आपोआप हॉर्न मारू लागली. गाडी आता पुतण्याची, विक्कीची. साऱ्यांच्या माना वळल्या आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धावत जाऊन त्यानं बोनेट उघडलं आणि फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचं चित्र पाहून हॉर्नचा फ्यूज उपटला. मग बॅटरीची वायरही काढली. हॉर्न थांबून थांबून वाजतच होता.

नागोरावांच्या पत्नी सत्यशीलाकाकू उठून आल्या.

"माफ कर काकू, बंदच नाई होऊन राह्यला."

"तू कायले लाजतं बापा? त्याईचे पाय चालत नोते ना, उतरायले असंच बलावत मले."

त्यांनी दार उघडून रिकाम्या सीटकडे हात पुढे केला.

हॉर्न थांबला. कुणी उतरावं तशी गाडी त्या बाजूनं हळूच वर आली.