तानाबाई थूल, १९७१ – २०२५

पहिला मेसेज अकराला आला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली जोडलेले हात.

धम्मदीपला आधी हसूच आलं. पिपरी मेघेतल्या भाड्याच्या खोलीत आठवडाभर खपून त्याने ‘गावगळा’ या नव्या संगीत मासिकाचं मुखपृष्ठ केलं होतं, आणि नुकतंच ते आपल्या गावाच्या, रोहण्याच्या, ग्रुपवर टाकलं होतं. संपादक माधवीताईंचं एकच म्हणणं होतं: मासिक कॉलेजच्या पोरांसाठी आहे आणि पोरांचा अंगठा मोबाइलवर सारखा सरकत असतो, तो थांबला पाहिजे. म्हणून त्याने आपल्या आईचा फोटो घेतला. तानाबाई थूल, गावोगाव भीमगीतं गाणारी. गाताना डोळे मिटलेले. फोटो काळा-पांढरा, म्हणजे भारदस्त. रंग हवा म्हणून खाली झेंडूचा पट्टा. मासिकाचं नाव कोपऱ्यात बारीक, आईचं ठळक, आणि त्याखाली तिच्या गाण्याची वर्षं: १९७१ – २०२५. ‘कसं वाटलं सांगा’ एवढं लिहायचं मात्र राहून गेलं.

माणूस डिझाइन शिकतो आणि गावच्या चौकात कोणते बॅनर लागतात ते विसरतो, त्याला कोण काय करणार!

दुसरा मेसेज आला, ‘विनम्र आदरांजली’. ‘अरे, हे मासिक आहे,’ असं तो लिहायला लागला, तेवढ्यात तिसरा आला. ‘सकाळीच दवाखान्यात नेलं होतं म्हणे.’

त्याचं बोट जागीच थांबलं. मुखपृष्ठावर दवाखाना कुठे होता?

त्याने आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. शेजारच्या अन्नपूर्णाकाकूचा फोन व्यस्त. इकडे ग्रुपवर कोणी विचारलं, ‘अंत्यविधी?’ आणि कोणी उत्तरही दिलं, ‘चार वाजता.’

‘आई ठीक आहे,’ असं त्याने लिहायला घेतलं, पण लिहवेना. ठीक आहे हे त्याला तरी कुठे माहीत होतं?

गाडीला किक मारताना पाय दोनदा घसरला.

रस्ताभर खिशातला फोन थरथरत होता. आपल्याच चित्राने हे सगळं केलं, दुसरं काही नाही, असं तो स्वतःला बजावत होता. पण माय सत्तरीला आली होती, तिला बीपीची गोळी होती, आणि चार दिवसांपूर्वी फोनवर ती म्हणाली होती की गाताना दम लागतो. तेव्हा तो झेंडूचा पिवळा नीट जमवत होता. ‘हो हो’ म्हणून त्याने फोन ठेवला होता. आता ते ‘हो हो’ त्याला गाडीच्या आवाजातही ऐकू येत होतं.

पुलगावात तो थांबला. त्रेसष्ट मेसेज. ही अफवा आहे, असं एकानेही लिहिलं नव्हतं. आईचा फोन आता बंदच लागत होता. पाणीही न पिता त्याने गाडी पुन्हा सुरू केली.

घरासमोर चपलांचा ढीग होता. अंगणात खुर्च्या मांडलेल्या. आतून बायकांचा आवाज येत होता, आणि तो रडण्याचा की बोलण्याचा, हे त्याला कळेना. चुलतभाऊ हरिदास पुढे आला आणि त्याने त्याचा दंड धरला. धम्मदीप पायरीवरच बसला.

“अन्नपूर्णा, साखर सरली वो!” आतून खणखणीत आवाज आला. “तुयाकडची आण. अजून दहा जनाचा च्या हाये!”

हरिदास म्हणाला, “आमी रडत आलो, तं तानाकाकू भांडे घासून राह्यली होती.”

“मंग ग्रुपवर काऊन नाई टाकलं?”

“मले वाटलं कोनं तरी टाकलं असन.”

तानाबाई पदराला हात पुसत बाहेर आली. सकाळी ती बीपी मोजायला दवाखान्यात गेली होती, फोन घरीच होता. मग गावभरच्या फोनांनी बॅटरी संपली. तिने पोराकडे पाहिलं. “काऊन रे, असा पांढरा पडला? मेली तं मी होती.”

जमलेले सगळे हसले. धम्मदीपला हसता येईना. त्याने तिचा हात धरला आणि सोडलाच नाही.

“मिटवतो मी थो फोटू,” तो म्हणाला. “दुसरा लावतो माय. रंगीत. हसरा.”

“दाखव बरं.” तिने फोन लांब धरून बराच वेळ पाहिला. “पुस्तकावर हसराच लाव. लोकं भेतात. पन हा मिटवू नोको.”

“काऊन?”

तिने दाराच्या आत, भिंतीकडे मान केली. तिथे त्याच्या वडिलांचा फोटो होता. घाईघाईत आधार कार्डावरून मोठा केलेला, डोळ्यांच्या जागी नुसते करडे ठिपके.

“तुया बाबाच्या वक्ती काईच सापडलं नाई,” ती म्हणाली. “हा चांगला हाये. जपून ठेवजो.” आणि चहा बघायला ती आत गेली.

फोनने विचारलं, फाइल कोणत्या नावाने ठेवू? धम्मदीप पायरीवर बसून राहिला. नाव काही सुचत नव्हतं.