स्कर्ट आणि ब्लाऊज

रेडिओवर निकाल आला तेव्हा माझी बायको अराबा अंथरुणाला खिळून होती. राष्ट्रपतीसाठी माझा पक्ष, खासदारकीसाठी समोरचा, असंच ती नेहमी मत द्यायची. आमच्या घानात त्याला स्कर्ट-ब्लाऊज म्हणतात. "एबोचे बाबा, दोन्ही चाव्या एकाच्याच कमरेला नकोत," असं बजावून यंदा तिने तिच्या वतीने अंगठा उमटवायला मला पाठवलं होतं.

खासदारकीला समोरच्या पक्षाकडून उभी असलेली तिची वकीलबाई एका मताने पडली.

"माझ्या मताने एवढी तरी टक्कर दिली बघा!" अराबा हसली. आठवड्याने गेली.

तिला पुरताना मी स्कर्ट एका कापडाचा आणि ब्लाऊज दुसऱ्या कापडाचा घालायला लावला. मेहुणी रडता रडता म्हणाली, "भाऊजी, जोडी चुकली हो!"



तिची दोन्ही मतं मी माझ्याच पक्षाला दिली होती. ते तिला सांगायचं राहिलं.