खाटेवरचे सात महिने

ज्येष्ठ नागरिक संघानं वाटलेल्या कागदावर दोनच प्रश्न होते. आयुष्यातलं सर्वांत वाईट वर्ष कोणतं आणि सर्वांत सुखाचं कोणतं? केरबानं वाईटापुढं लगेच ‘१९८३’ लिहिलं. एसटीचा हा ड्रायव्हर त्या साली मोडक्या पायानं सात महिने खाटेवर पडून होता. सुखाचं वर्ष मात्र सापडेना. बत्तीस वर्षांतल्या मुक्कामी गाड्या, परगावच्या स्टँडवरच्या रात्री आणि गार डबेच आठवत राहिले.

शिणून त्यानं शेजारी बसलेल्या बायकोच्या कागदात डोकावलं. हौसाबाईनं सुखापुढं ‘१९८३’ लिहिलं होतं.

“आगं, तवा माझा पाय मोडला हुता!”

“ठावं हाय की,” ती चष्मा पुसत म्हणाली. “सात म्हैनं रोज रातच्याला दोन ताटं एकदम वाढली मी.”